परदेशातील पर्यटन-निवासात बालकास होणारी इजा आणि नुकसानभरपाईचे मार्ग : एक तौलनिक विवेचन

सारांश : परदेश सहलीत हॉटेल, रिसॉर्ट किंवा भाड्याच्या सदनिकेत बालकास गंभीर इजा झाली, तर दाद कोणाकडे, कोणत्या देशात व किती मुदतीत मागावयाची, हा प्रश्न पालकांसमोर उभा राहतो. युरोपीय संघ व ब्रिटन यांनी सहल आयोजकाची जबाबदारी कायद्याने निश्चित केली आहे. भारतात तशी स्वतंत्र तरतूद नाही. तथापि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ यांच्या आधारे बालकाच्या हक्काचे रक्षण होऊ शकते. प्रस्तुत लेखात या मार्गांचे स्वरूप, त्यांच्या मर्यादा आणि भारतीय कायद्यातील उणीव यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पर्यटन, बालहक्क, ग्राहक संरक्षण, सहल आयोजक, नुकसानभरपाई, मुदत.

१. प्रस्तावना

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने मराठी मध्यमवर्गाच्या जीवनशैलीत जे बदल घडले, त्यांत परदेश सहलीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. एके काळी काशी-रामेश्वराच्या यात्रेपुरते मर्यादित असलेले कौटुंबिक पर्यटन आता थायलंड, सिंगापूर, दुबई आणि युरोपपर्यंत विस्तारले आहे. शाळेच्या उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्या हाच या सहलींचा हंगाम असल्याने प्रवाशांमध्ये बालकांचे प्रमाण लक्षणीय असते.

सहलीची निवड करताना पालक विमानाची वेळ, जेवणाची सोय आणि स्थलदर्शन यांची बारकाईने चौकशी करतात. निवासाच्या सुरक्षिततेची चौकशी मात्र क्वचितच होते. हॉटेल नामांकित असेल तर ते सुरक्षितही असेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे ठरते तेव्हा त्याची किंमत बालकाला मोजावी लागते आणि ती अनेकदा आयुष्यभर मोजावी लागते. अशा वेळी परका देश, परकी भाषा व अपरिचित कायदा यांच्या कात्रीत सापडलेले पालक हॉटेलने देऊ केलेली किरकोळ रक्कम स्वीकारून, एखाद्या कागदावर सही करून मायदेशी परततात. त्या सहीने बालकाचा हक्क संपतो काय, हा प्रस्तुत लेखामागील मूळ प्रश्न आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) पर्यटन-निवासातील बाल-अपघातांचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे.
२) ब्रिटन व युरोपीय संघातील सहल आयोजकाच्या जबाबदारीचे तत्त्व समजावून घेणे.
३) भारतीय कुटुंबास उपलब्ध असलेले मार्ग, मंच व मुदत यांची मांडणी करणे.
४) भारतीय कायद्यातील उणिवा दाखवून सुधारणा सुचविणे.

३. अपघाताचे स्वरूप व निष्काळजीपणाची कसोटी

पर्यटन-निवासातील बालकांच्या इजा काही ठरावीक कारणांनी होतात : सज्जाच्या कठड्यातील रुंद फटी, साध्या काचेचे सरकते दरवाजे, जीवरक्षकाविना असलेला जलतरण तलाव, तलावाच्या तळातील निचरा-जाळीचे जोरदार शोषण, नळातून येणारे अतिउष्ण पाणी आणि सदोष बॉयलरमधून पसरणारा कार्बन मोनॉक्साइड वायू. यांतील बहुतेक धोके प्रौढ व्यक्तीला जाणवतात; बालकाला जाणवत नाहीत. त्यामुळे बालकाच्या संदर्भात काळजीचे प्रमाण अधिक असावे, हे सर्वमान्य तत्त्व आहे.

तथापि ‘धोका होता’ एवढे सिद्ध करून भागत नाही. कोणत्या मानकाच्या तुलनेत तो धोका होता, हेही दाखवावे लागते. इंग्लंडच्या इमारतविषयक मार्गदर्शक नियमांनुसार सज्जाचा कठडा किमान १,१०० मिलिमीटर उंच असावा आणि जेथे लहान मुलांचा वावर संभवतो, तेथे १०० मिलिमीटर व्यासाचा गोल त्याच्या फटीतून आरपार जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. परंतु ग्रीस किंवा थायलंडमधील हॉटेलला हा नियम लागू होत नाही. ‘बेस्ट ट्रॅव्हल’ या सहल कंपनीविरुद्धच्या, १९९३ साली विधिवृत्तांत प्रसिद्ध झालेल्या इंग्लिश निर्णयात हेच तत्त्व मांडले गेले. ग्रीसमधील हॉटेलच्या दरवाजाची पाच मिलिमीटर जाडीची साधी काच फुटून पर्यटक जखमी झाला होता. ती काच ब्रिटिश मानकात बसत नव्हती. ग्रीक मानकात मात्र बसत होती. स्थानिक सुरक्षा-नियमांचे पालन होते की नाही हे पाहणे एवढेच आयोजकाचे कर्तव्य आहे, असे ठरून दावा फेटाळला गेला. म्हणजेच मानक अपघातस्थळाचे लागते, आणि ते सिद्ध करण्याचा भार जखमी पक्षावर पडतो.

वयाचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. ‘कॉस्मार व्हिला हॉलिडेज’ या कंपनीविरुद्धच्या खटल्यात सतरा वर्षांच्या मुलाने कॉर्फू बेटावरील निवासाच्या तलावात उथळ बाजूस सूर मारला आणि त्याला कायमचे अपंगत्व आले. कनिष्ठ न्यायालयाने कंपनीस अंशतः जबाबदार धरले. परंतु २००७ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. धोका उघड होता आणि त्या वयाच्या मुलास तो कळण्याजोगा होता, अशी त्यामागील भूमिका होती. हाच युक्तिवाद चार-पाच वर्षांच्या बालकास लागू पडणार नाही. मात्र अशा प्रकरणांत ‘पालकांचे लक्ष नव्हते’ हा बचाव हमखास पुढे येतो, हे ध्यानात ठेवावे.

४. ब्रिटन व युरोपीय संघ : आयोजकाची जबाबदारी

युरोपीय समुदायाने १९९० मध्ये संयुक्त सहलींविषयी निर्देश जारी केला आणि ब्रिटनने १९९२ मध्ये त्यानुसार नियम केले. पुढे २०१५ च्या नव्या निर्देशाने व ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांनी त्यांची जागा घेतली. हे ब्रिटिश नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांचा गाभा साधा आहे. एकाच सहलीसाठी किमान दोन भिन्न प्रवाससेवा, उदाहरणार्थ विमानप्रवास व निवास, एकत्र विकल्या गेल्या, तर त्या करारातील सेवा नीट पुरविल्या जाण्याची जबाबदारी आयोजकाची असते. ती सेवा प्रत्यक्षात परदेशातील हॉटेलने दिली, हा बचाव त्यास करता येत नाही. शारीरिक इजेच्या भरपाईवर करारान्वये मर्यादाही घालता येत नाही.

या तत्त्वाची व्याप्ती ‘कुओनी’ कंपनीविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट झाली. २०१० मध्ये श्रीलंकेतील हॉटेलच्या कर्मचाऱ्याने एका पर्यटक महिलेवर अत्याचार केला होता. युरोपीय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये व ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला की, सहलीच्या करारातील सेवा देताना हॉटेलच्या कर्मचाऱ्याने केलेल्या कृत्याचे उत्तरदायित्व आयोजकावर येते.

केवळ निवासच आरक्षित केला असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी परदेशातील मालकावर दावा करणे भाग पडते. ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेत असेपर्यंत जखमी व्यक्तीस परदेशी हॉटेलच्या विमा कंपनीवर स्वतःच्या देशात दावा करता येत असे; युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये तसे ठरविले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपताच ब्रिटिश नागरिकांचा हा मार्ग बंद झाला. तथापि २०२१ मध्येच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कैरोतील हॉटेलसंबंधीच्या प्रकरणात वेगळे दार किलकिले केले. आंतरराष्ट्रीय कायद्याचे विख्यात अभ्यासक सर इयन ब्राउनली यांचा २०१० मध्ये इजिप्तमधील सहलीत मोटार अपघातात मृत्यू झाला व त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. इजेचे परिणाम इंग्लंडमध्ये भोगावे लागत असल्यामुळे तेथील न्यायालयात दावा चालविता येईल, असे बहुमताने ठरले.

बालकांच्या संदर्भात कॉर्फू बेटावरील २००६ ची दुर्घटना विशेष बोधप्रद आहे. ब्रिटिश कुटुंबाच्या बंगल्यालगतच्या खोलीतील सदोष बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड वायू पसरून सात व सहा वर्षांची दोन भावंडे दगावली. २०१० मध्ये ग्रीक फौजदारी न्यायालयाने हॉटेलच्या व्यवस्थापकासह तिघांना दोषी ठरविले. सहल कंपनीचे दोन कर्मचारी निर्दोष सुटले. त्यानंतर २०१५ मध्ये इंग्लंडमधील मृत्यू-चौकशीत ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध ठरविले आणि सहल कंपनीने काळजीच्या कर्तव्याचा भंग केल्याचे नमूद केले. हॉटेलने गॅसविषयी दिशाभूल करणारी माहिती दिली होती, हेही चौकशीत पुढे आले. घटना व निष्कर्ष यांत नऊ वर्षांचे अंतर पडले. परदेशातील फौजदारी निकालाने मायदेशातील सर्व प्रश्न सुटत नाहीत, आणि आयोजकाने हॉटेलच्या लेखी उत्तरावर विसंबणे पुरेसे नसते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

५. भारतीय कुटुंबापुढील मार्ग

५.१ ग्राहक आयोग : भारतीय पालकांच्या दृष्टीने सर्वांत सुलभ मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा होय. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या या कायद्याने तक्रारदारास स्वतः राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे फुकेतमधील अपघाताची, सहल कंपनीविरुद्धची तक्रार सांगली वा नाशिकच्या जिल्हा आयोगात दाखल होऊ शकते. ग्राहक अज्ञान असल्यास त्याचे पालक किंवा कायदेशीर पालनकर्ते तक्रार करू शकतात, असे कायद्यातच म्हटले आहे. ‘स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल’ खटल्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालक व पालक हे दोघेही ग्राहक असल्याचे मान्य करून दोघांनाही स्वतंत्र भरपाई दिली होती. हे तत्त्व सहलीलाही लागू करता येते.

आयोगाची आर्थिक अधिकारिता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे, त्यावरील २ कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे व त्याहून मोठी राष्ट्रीय आयोगाकडे जातात. सहलीसाठी सहा लाख रुपये भरलेल्या कुटुंबाने एक कोटीची भरपाई मागितली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क आकारले जात नाही.

घराचे वा खोलीचे आरक्षण संकेतस्थळावरून केले असेल, तर २०२० चे ई-वाणिज्य नियम उपयोगी पडतात. भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा देऊ करणाऱ्या परदेशी संस्थांनाही ते लागू आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन त्यांत आहे.

५.२ ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ हा बचाव : युरोपीय निर्देशासारखी तरतूद भारतीय कायद्यात नाही. त्यामुळे सहल कंपन्यांच्या अटींमध्ये ‘आम्ही हॉटेल व प्रवासी यांच्यातील केवळ मध्यस्थ आहोत’ असे कलम आढळते. या बचावाला तीन उत्तरे संभवतात. पहिले, कंपनीने एकरकमी किंमत घेऊन, स्वतःच्या नावाने व स्वतःच्या सहल-व्यवस्थापकासह सहल विकली असेल, तर ती स्वतःच सेवा-पुरवठादार ठरते, असा युक्तिवाद करता येतो. दुसरे, करार अधिनियमाच्या कलम २३० नुसार अभिकर्ता सामान्यतः व्यक्तिशः बांधील नसला, तरी त्याने आपल्या मुख्य पक्षाचे नाव उघड केले नसेल किंवा त्या मुख्य पक्षावर दावा करता येत नसेल, तर तो बांधील असल्याचे गृहीत धरले जाते. ‘चार तारांकित अथवा तत्सम हॉटेल’ एवढेच लिहिलेले माहितीपत्रक येथे महत्त्वाचा पुरावा ठरू शकते. तिसरे, २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली असून एकतर्फी अटींना राज्य व राष्ट्रीय आयोगात आव्हान देता येते.

हॉटेलच्या जबाबदारीबाबत भारतीय न्यायालयांची भूमिका कठोर आहे. कोवळम येथील केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलमध्ये २००६ मध्ये एका पाहुण्याचा तलावात मृत्यू झाला. तेथील जीवरक्षकाकडे मद्यालयात सेवा देण्याचेही काम सोपविलेले होते. राष्ट्रीय आयोगाने दिलेली ६२.५० लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवली. हे प्रकरण देशांतर्गत असले तरी ‘सुरक्षा हा निवास-सेवेचाच भाग आहे’ हे तत्त्व त्यातून ठळकपणे पुढे येते.

५.३ परदेशातील न्यायालय : हॉटेलवर थेट दावा बहुधा अपघातस्थळीच करावा लागतो. तेथील निकालाची भारतातील संपत्तीवर अंमलबजावणी करावयाची असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमे १३ व ४४-अ पाहावी लागतात. ब्रिटन, सिंगापूर आणि २०२० पासून संयुक्त अरब अमिराती हे ‘परस्पर-प्रदेश’ असल्याने तेथील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे भारतात थेट अमलात आणता येतात. थायलंड या यादीत नाही; तेथील निकालाच्या आधारे भारतात नवा दावा करावा लागतो.

६. मुदतीचा प्रश्न

अनेक न्याय्य दावे गुणवत्तेअभावी नव्हे, तर विलंबामुळे बुडतात. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते; पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, परंतु तो आयोगाच्या स्वेच्छाधिकाराचा भाग आहे. दिवाणी दाव्यात मुदत अधिनियम, १९६३ ची कलमे ६ व ८ अज्ञान व्यक्तीस सवलत देतात. सज्ञान झाल्यावर कमाल तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. इंग्लंडमध्येही तीन वर्षांची मुदत बालकाच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजली जाते.

सर्वच देश इतके उदार नाहीत. थायलंडच्या दिवाणी व वाणिज्य संहितेच्या कलम ४४८ नुसार नुकसान व जबाबदार व्यक्ती ज्ञात झाल्यापासून एकाच वर्षात दावा करावा लागतो. स्पेनच्या नागरी संहितेतही करारबाह्य जबाबदारीसाठी सर्वसाधारण मुदत एक वर्षाचीच आहे. ‘मूल लहान आहे, घाई काय’ हा विचार म्हणूनच घातक ठरतो. सर्वांत अल्प मुदत हीच खरी मुदत मानून पावले उचलावीत.

७. बालकाच्या भरपाईचे मोजमाप व तडजोडीवरील बंधन

बालक कमावते नसल्याने त्याचे नुकसान अल्प आहे, असा समज रूढ होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. फेब्रुवारी २०२० मधील एका निर्णयात रस्ते अपघातात शंभर टक्के अपंगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीचे भावी उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनावर व भावी वाढ गृहीत धरून काढण्यात आले. आयुष्यभर लागणाऱ्या परिचारकांचा खर्च, वेदना, विवाहाची हुकलेली संधी व पुढील उपचार यांचाही विचार होऊन ६२ लाखांहून अधिक रक्कम मंजूर झाली. हा निर्णय मोटार अपघात कायद्याखालील असला तरी भरपाई मोजण्याची ही रीत ग्राहक आयोगासमोर मार्गदर्शक म्हणून मांडता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ नुसार अज्ञान व्यक्तीच्या वतीने चाललेल्या दाव्यात न्यायालयाच्या परवानगीविना केलेली तडजोड अज्ञान व्यक्तीवर बंधनकारक राहत नाही. ती टाळता येते. इंग्लंडमध्ये तर दाव्यापूर्वीच्या तडजोडीसही न्यायालयाची मंजुरी लागते. दोन्ही नियमांमागील विचार एकच आहे : पालक संकटात असतात, थकलेले असतात, त्यांना तातडीने पैशांची गरज असते, म्हणून बालकाच्या हिताची स्वतंत्र तपासणी व्हावी. हॉटेलच्या स्वागतकक्षात सही केलेल्या कागदाने बालकाचा हक्क आपोआप संपतो, असे पालकांनी मानू नये. परंतु तो कागद विरुद्ध पक्षाच्या हाती पुरावा ठरतो, म्हणून वाचल्याशिवाय व सल्ल्याशिवाय सही न करणे हेच श्रेयस्कर होय.

८. पुराव्याचे जतन

अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पुरावा जमा झाला नाही, तर तो पुढे मिळणे दुरापास्त होते. तुटलेला कठडा दुरुस्त होतो, सूचनाफलक नव्याने लागतो. म्हणून पुढील बाबी आवश्यक ठरतात :

१) अपघातस्थळाची, मोजपट्टी ठेवून घेतलेली छायाचित्रे व ध्वनिचित्रफीत.
२) हॉटेलच्या अपघात नोंदवहीतील नोंदीची प्रत, ती नाकारल्यास त्याच दिवशी पाठविलेला ई-मेल.
३) स्थानिक पोलिसांचा अहवाल व रुग्णालयाची संपूर्ण कागदपत्रे, प्रमाणित भाषांतरासह.
४) साक्षीदार सहप्रवाशांची नावे व संपर्क.
५) मूळ माहितीपत्रक, पावत्या, करारातील अटी व विमापत्र.
६) सहल कंपनीस व विमा कंपनीस तत्काळ दिलेली लेखी सूचना.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र तयार ठेवावे. परदेशी कायदा भारतीय न्यायालयात तज्ज्ञाच्या मताने सिद्ध करावा लागतो, हेही विसरू नये. भारतीय वकिलातीकडून वकिलांची यादी व स्थानिक यंत्रणेशी संपर्क यांसाठी साहाय्य मागता येते. २०१५ पासून त्यासाठी ‘मदद’ हे संकेतस्थळही आहे. वकिलात पर्यटकाच्या वतीने खटला मात्र लढत नाही.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आयोजकाची जबाबदारी कायद्याने निश्चित असलेल्या देशांत जखमी बालकास मायदेशात, परिचित भाषेत व समर्थ प्रतिपक्षाविरुद्ध दाद मिळते. भारतात हीच बाब प्रत्येक प्रकरणात नव्याने सिद्ध करावी लागते.
२) २०१९ च्या कायद्याने निवासस्थानी तक्रार करण्याची दिलेली मुभा ही भारतीय पालकांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.
३) दोन वर्षांच्या मुदतीस अज्ञान ग्राहकांसाठी स्पष्ट अपवाद नाही. दिवाणी दाव्यात बालकास मिळणारी सवलत ग्राहक कायद्यातही शब्दशः यावयास हवी.
४) एकत्रित किमतीत विकलेल्या सहलीतील सर्व सेवांबाबत आयोजकास प्राथमिक जबाबदार धरणारे नियम केंद्र शासनाने करावेत. आयोजकास नंतर हॉटेलकडून वसुलीचा हक्क असावा.
५) बालकांसह विकल्या जाणाऱ्या सहलींत कठडा, तलाव, काच, उष्ण पाणी व वायू-उपकरणे यांची प्रत्यक्ष तपासणी केल्याचे लेखी विवरण ग्राहकास देणे बंधनकारक करावे.

कोवळमच्या प्रकरणात अंतिम निकालास तेरा वर्षे लागली. आठ वर्षांचे जखमी मूल तेरा वर्षांनी एकवीस वर्षांचे होते; उपचार, विशेष शिक्षण व पुनर्वसन यांची खरी गरज असलेला काळ तोवर उलटून गेलेला असतो. भरपाईचा हेतू बालकाचे हे वाढीचे वय सावरणे हा असेल, तर जबाबदार कोण या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात शोधावे लागू नये. ते कायद्यातच लिहिलेले असावे.